मास्तरांचं नाक

“हा कर.”

सर्जानं तोंड उघडून माझ्या नाकासमोर ‘हा’ केलं. तो गुडघ्यांवर बसला होता. त्याचं ट्रम्पेट धुळीत पडलं होतं आणि मारुतीच्या देवळापुढं जमलेली सगळी माणसं आमच्याभोवती कोंडाळं करून उभी होती. घोड्यावरचा नवरासुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून बघत होता. मी वाकून वास घेतला, उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “प्यालाय.”

मग मी त्याच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या काखेत धरली.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. बँड मी कधीच मुलाच्या हाती दिला, आता मी नुसता खुर्चीवर बसून चुका काढतो. पण ते ‘हा’ आधी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचा जयहनुमान ब्रास बँड तासगावचा, चौदा माणसांचा. बँडच्या धंद्यात दारू हा खरा वैरी. लग्नघरचेच लोक आणून पाजतात आणि वर तेच नावं ठेवतात. म्हणून आमच्या वडिलांनी एक रीत घातली होती. टोप्या सगळ्या बँडमास्तरच्या ट्रंकेत. वाजवायला निघण्याआधी माणसांनी ओळीनं उभं राहायचं, एकेकानं पुढं येऊन मास्तरच्या तोंडावर ‘हा’ करायचं. वास आला नाही तर टोपी मिळायची. आला तर त्या दिवशी टेम्पोत बसून सामान राखायचं. वडिलांमागं हे काम माझ्या नाकाकडं आलं, आणि माझं नाक वडिलांपेक्षाही तिखट निघालं. एका ढोलवाल्याला मी सांगितलं होतं, “काल रात्री घेतलीस, हातभट्टीची घेतलीस आणि वरून कच्चा कांदा खाल्लास.” त्यानं तिथंच माझे पाय धरले. तेव्हापासून पंचक्रोशीत म्हण झाली, मास्तर चुकेल पण मास्तरचं नाक चुकायचं नाही. मला त्याचा गर्व होता. दुसरं काही गर्व करण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं म्हणा.

सर्जेराव ऐवळे आमचा ट्रम्पेटवाला. काळा, उंच, गालांना वाजवून वाजवून खळगे पडलेले. त्याच्या फुंकीला जी धार होती ती मी नंतर कुणाच्या फुंकीत ऐकली नाही. पूर्वी तो पट्टीचा पिणारा होता. एके दिवशी शालन, त्याची बायको, त्याला पालच्या खंडोबाला घेऊन गेली. तिथं त्यानं बेलभंडारा उचलला, “पुन्हा तोंडाला लावली तर हातपाय झडू देत.” त्यानंतरची सात वर्षं माझ्या नाकाला त्याच्या तोंडाचा सुपारीखेरीज वास आला नाही. ओळीत तो पहिला उभा राहायचा आणि ‘हा’ असा जोरात करायचा की मागची पोरं हसायची.

त्या वर्षी संक्रांतीपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. एकदोनदा चालत वाजवताना त्याचा पाय मुडपला. मी विचारलं तर म्हणाला, “मास्तर, लांब सूर धरला का मांड्यांपासनं खाली पाय माझंच ऱ्हात न्हाईत. मुंग्या येत्यात. बसलो का दम खाऊन बरं वाटतंय.”

“पन्नाशी आली गड्या,” मी म्हणालो. “आता तुला घोड्यावर बसवूनच वाजवायला लावतो.”

तो हसला, मीही हसलो. विषय तिथं संपला.

वैशाखात एका द्राक्षबागायतदाराच्या घरचं लग्न आम्हाला मिळालं. घर मोठं. पण त्या घरात दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या आदल्या दिवशी तो मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. आता धाकट्याचं लग्न. सगळं घर शुभाशुभाच्या धास्तीनं वाकलेलं. नवऱ्याच्या आईनं मांजर आडवं गेलं म्हणून घोडा दोनदा मागं फिरवला. मला बजावलं होतं, “मास्तर, रडकं गाणं वाजवू नका. एकसुद्धा नको.”

दुपारी दोनला टेम्पोपाशी सगळ्यांनी ‘हा’ केलं. सर्जाला पहिली टोपी मिळाली. चारला परण्या निघाला. आमच्याकडं अक्षता पडण्याआधी नवऱ्याला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. देवळापुढं उभं राहून एक गाणं पुरं वाजवायचं हा आमचा रिवाज, आणि त्या गाण्याच्या शेवटचा उंच सूर सर्जाचा. तो सूर त्यानं धरला. मी हात वर करून उभा होतो, ड्रमवाले थांबलेले, नुसता त्याचा सूर. तो सूर मधेच तुटला. वळून बघतो तर सर्जा कापलेल्या उसासारखा जागच्या जागी खाली आलेला.

“ऊठ,” मी म्हणालो.

“मास्तर, पाय उचलंना,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. “खरंच उचलंना.”

एक म्हातारी ओरडली, “अगं बया! नवऱ्याच्या म्होरंच मानूस पडला की!” नवऱ्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. दुसरं कुणीतरी म्हणालं, “वारं गेलं वाटतं त्येच्यावरनं. परण्यात असं होऊ नये बाबा.” नवऱ्याचा बाप पुढं आला. भला माणूस. त्यानं माझा दंड धरला आणि हळू विचारलं, “मास्तर, काय झालंय त्याला? आजारी मानूस आणला का माझ्या पोराच्या लग्नात?”

तेव्हा मी सर्जाजवळ गेलो आणि म्हणालो, “हा कर.”

‘प्यालाय’ म्हटल्यावर नवऱ्याचा मामा मोठ्यानं हसला. “हात्तिच्या! बँडवाला प्यालाय व्हय! मग त्यात काय नवल?” सगळे हसले. म्हातारीही हसली. नवऱ्याच्या आईनं पदर खाली घेतला. मी क्लॅरोनेटवाल्याला खूण केली, त्यानं गाणं उचललं आणि घोडा पुढं गेला. सर्जाला दोघांनी उचलून देवळाच्या कट्ट्यावर ठेवला.

अर्ध्या तासानं तो आपल्या पायांनी चालत टेम्पोपाशी आला. ते बघून आमच्या पोरांनाही पटलं. ड्रमवाला बबन म्हणाला, “उतरली बगा.”

परतीच्या वाटेवर तो माझ्याशेजारी बसला होता. बोडका.

“मास्तर, म्या घेतली न्हाई.”

मी रस्त्याकडं बघत राहिलो.

“पंगतीत पोरांनी सरबत दिलं व्हतं. कोकमाचं. दोन गलास प्यालो.” तो थांबला. “त्यात काय घातलं असंल का?”

“मला काय विचारतोस?”

“तुमालाच इचारनार. तुमचं नाक काय खोटं बोलतंय व्हय?” मग तो स्वतःशीच म्हणाला, “म्हंजी गेलीच पोटात. भंडारा मोडलाच म्हना की.”

त्याला बँडमधून मी काढलं नाही. त्यालाच यायची लाज वाटली. मीही बोलवायला गेलो नाही.

तो दर रविवारी एसटीनं पालला जाऊ लागला, अनवाणी, खंडोबाची माफी मागायला. पाय ओढत जायचा, परत येताना कुणाच्या तरी खांद्यावर यायचा. लोक म्हणायचे, बघा, देवानं पाय धरले. श्रावणात शालन माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

“मास्तर, ह्येंचं पाय दिसंदिस चाललंत. गावातलं डाक्टर म्हनत्यात दारूनं नसा गेल्या. सुया देत्यात ताकदीच्या. आन् ह्ये बी म्हनत्यात, माझी करनी मला भोवली, दवापानी नगं. तुमी जरा सांगा की त्येस्नी. तुमचं ऐकतील.”

“मी काय सांगू?”

“सात वर्सं शेजारी निजते म्या. मला वास आला नसता का?”

मी तिला म्हणालो, “शालन, चोरून पिणाऱ्याचं सगळ्यात शेवटी बायकोला कळतं.”

ती डोक्यावरचा पदर नीट करून निघून गेली. मी आत येऊन जेवायला बसलो. जेवलोही.

फाल्गुनात सर्जाची लघवी अडली. शालननं कुणाला न विचारता त्याला जीपमध्ये घातलं आणि मिरजेला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातून चार दिवसांनी मला निरोप आला, सर्जा पहिल्यांदा पडला तेव्हा हजर असलेला माणूस डॉक्टरांना हवाय. गेलो. जाताना मोसंबी घेतली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, नाडकर्णी नावाच्या. त्यांनी मला खोलीत बसवलं आणि उजेडाच्या पाटीवर एक काळी फिल्म लावली. पाठीचा कणा दिसत होता आणि त्याच्या आतल्या दोरीवर काळे काळे किडे वळवळत असल्यासारखं काहीतरी.

“हा मज्जारज्जू. आणि या त्याच्यावरच्या फुगलेल्या शिरा. तुमच्याकडं द्राक्षबागा आहेत ना? ठिबकच्या बारीक नळीत थेट मोटारीचं पाणी सोडलं तर काय होईल?”

“नळी फुगंल. तुंबंल.”

“तेच झालंय. रक्त नेणारी मोठी वाहिनी आणि परत आणणारी नाजूक शीर मधल्या जाळीशिवाय थेट जोडली गेली आहे. जोड चुकीचा आहे. त्या दाबानं मज्जारज्जू तुंबतो आणि पाय जातात. जोर केला की दाब आणखी वाढतो. आता आठवून सांगा, पहिल्यांदा पडले तेव्हा ते काय करत होते?”

“उंच सूर धरला होता. ट्रम्पेटवर.”

बाईंनी टेबलावर पेन ठेवलं. “किती वेळ?”

“गडी दमाचा होता. वीस मोजेपर्यंत धरायचा.”

“आणि बसल्यावर बरं वाटायचं?”

“अर्ध्या तासात चालत आला.”

“म्हणजे पहिल्या दिवशीच सगळं समोर होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आणला असता तर आपल्या पायांनी चालत येऊन चालत गेला असता. आता जोड बंद करू, पण अकरा महिन्यांत जे गेलं ते सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही.” मग त्यांनी एक चिठ्ठी उलटून बघितली. “गावातल्या डॉक्टरांनी दारूचा रुग्ण असं लिहिलंय. बायको नाही म्हणते. ही माहिती कोणी दिली?”

“गावात तसं बोललं जायचं,” मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठीवरचा तो शब्द खोडला आणि मला जायला सांगितलं.

सर्जा खाटेवर पडला होता. पायांवर चादर, लघवीची पिशवी खाली लोंबत होती. पाय चादरीखाली होते की नव्हते असे. शालन स्टुलावर बसली होती. मला बघून तो उठायला लागला, त्याला उठता आलं नाही.

“मास्तर, बरं झालं आलासा. उद्याच्याला कापनार हायती.”

“डॉक्टरीणबाई हुशार आहेत.”

“हायती. पर मला एक इचारायचंय. डाक्टरीन म्हनतीया ह्यो शिरंचा आजार, दारूचा न्हवं. मला खरं वाटत न्हाई. तेबी असंल, हेबी असंल. देवाला पाय न्यायचं झालं तर तो काय हातानं तोडतोय? असाच कायतरी रोग देनार.” त्यानं माझं मनगट धरलं. “उद्या टेबलावर काय बी होईल. देवाम्होरं जायाचं तर मला ठावं पायजे. त्या दिशी तुमी माझ्या तोंडाचा वास घेतला. काय वास आला?”

शालन माझ्याकडं बघत नव्हती. ती मोसंबीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

मी काय काय बोलू शकलो असतो. आता आठवत नाही म्हणालो असतो, तर त्यानं तेही मानलं असतं.

“कोकमाचा,” मी म्हणालो. “आणि सुपारीचा.”

“आन्?”

“दुसरा कसला नाही.”

“दारूचा?”

“नव्हता सर्जा. अजिबात नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. नवऱ्याच्या पुढं धडधाकट माणूस कोसळला म्हणजे त्या घराचा जीव गेला असता. त्यांनी अपशकुन धरला असता, आपल्या बँडला पुन्हा कुणी लग्नाला बोलावलं नसतं. दारू प्यालेला बँडवाला पडला तर कुणाला काय त्याचं? म्हणून मी म्हणालो.”

मला वाटलं तो थुंकेल. थुंकला असता तर बरं झालं असतं. पण तो हसायला लागला. पडल्या पडल्या, डोळ्यांतून पाणी गळत, लहान पोरासारखा हसत सुटला.

“ऐकलंस का गं? व्हता का वास? न्हवता! म्या न्हाई मोडला भंडारा. अगं, अकरा महिनं म्या देवाला तोंड दावलं न्हाई, पायरीवरनं माघारी येत व्हतो. मोडलाच न्हवता की!” शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसालाही तो सांगू लागला, “पाव्हनं, न्हवता वास!”

शालननं पिशवी उचलून माझ्या पायापाशी ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, “ही घिऊन जावा.”

ऑपरेशन झालं. जीव वाचला. पुढं वर्षभरानं तो चौकटीची काठी धरून अंगणात फिरू लागला, त्यापलीकडं पाय आले नाहीत. ट्रम्पेट वाजवायला डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती, पण फुंकर मारायची त्यालाच भीती बसली ती बसलीच.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी त्यानं निरोप धाडला, मास्तर, बँडच्या पोरांना घेऊन या आणि माझी टोपी आणा. टोपी चारचौघांत गेली होती, ती चारचौघांत यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बरोबरच होतं. बबन, क्लॅरोनेटवाला आणि आणखी चौघं, असे आम्ही टेम्पोनं गेलो. तुरा मी नवीन लावून घेतला होता. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवली. मी खोटं बोललो, वास नव्हता, मला माहीत होतं. तीनच वाक्यं होती. मिरजेपर्यंत मी ती पुन्हा पुन्हा घोकली.

सर्जा उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली, केसांना तेल. पोरं खाटेभोवती उभी राहिली. मी टोपी त्याच्या डोक्यावर घातली. त्यानं हात वर करून तुरा चाचपला.

“सांगा मास्तर,” तो म्हणाला.

पोरं माझ्याकडं बघत होती. त्यातल्या प्रत्येकानं वर्षानुवर्षं माझ्या तोंडावर ‘हा’ केलं होतं. माझ्या शब्दावर कितीजण दिवसभर टेम्पोत बसून राहिले होते.

“सर्जा त्या दिवशी प्यालेला नव्हता,” मी म्हणालो. “पाठीतल्या शिरांचा आजार होता. फुंकलं की पाय जायचे. डॉक्टरांनी फिल्म दाखवली मला. त्या वेळी कुणालाच ते ओळखू आलं नाही.”

“कुनालाच?” शालन म्हणाली.

ती खिडकीपाशी उभी होती. एवढा एकच शब्द बोलली, मोठ्यानंही नाही. बबननं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सर्जाच्या टोपीचा तुरा सरळ केला.

“कुनालाच न्हाई,” सर्जा म्हणाला. त्यानं शालनकडं बघितलंच नाही. तो पोरांकडं बघत होता, टोपी घालून, ताठ. “म्या सरबत प्यालो व्हतो कोकमाचं. आंबूस वास व्हता त्येचा. मास्तरांच्या जागी कुनी बी फसला असता.”

पोरांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.